पुस्तक कपाटात आहे, शोधात का दिसत नाही? : ग्रंथपालांसाठी नव्या डिजिटल साधनांचे माहितीपत्रक

देवघेवीच्या टेबलाशी वाचक येतो आणि म्हणतो, "मागे एक पुस्तक नेलं होतं. हिरवं मुखपृष्ठ. त्यातली बाई समुद्राकाठी एकटीच राहते. लेखकाचं नाव काही आठवत नाही." मुरलेला ग्रंथपाल दोन प्रश्न विचारतो आणि तिसऱ्या कपाटाकडे चालू लागतो. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्या शेजारी नव्याने बसलेल्या, अजून कपाटं पाठ न झालेल्या सहकाऱ्यांसाठीही.

आम्ही ग्रंथालयांना कॅटलॉग, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची संगणकीय यादी, बसवून देतो, जुन्या नोंदी दुरुस्त करतो आणि कर्मचाऱ्यांना त्यावर काम करायला शिकवतो. हल्ली बहुतेक ग्राहकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आता एआय आलंय, तर आम्ही नवीन काय घ्यावं?" आमचं उत्तरही ठरलेलं आहे. आधी तुमच्या नोंदी पाहू, साधन त्यानंतर ठरवू. शोधयंत्रणा साधी असो की महागडी, तिला फक्त नोंदीत लिहिलेलं दिसतं.

निकाल : शून्य

एका ग्रंथालयात आम्ही कामाला बसलो असताना एक वाचक 'ॲलर्जी' या विषयावर काही आहे का, म्हणून विचारायला आले. संगणकाने शून्य निकाल दाखवला. ग्रंथपालबाई उठल्या आणि आरोग्याच्या कपाटातून तीन पुस्तकं घेऊन आल्या. तिन्हींची नोंद झालेली होती, बारकोडही लागलेला होता.

मग बिघडलं कुठे? 'ॲ' हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एका कळफलकावर ते एकसंध अक्षर म्हणून उमटतं. दुसऱ्यावर आधी 'अ' आणि मग वरचा चंद्र, अशी दोन चिन्हं एकामागून एक पडतात. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते वेगळे शब्द आहेत. युनिकोडने, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकाने, या दोन रूपांना समान मानलेलं नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरची नेहमीची आपोआप होणारी दुरुस्ती इथे उपयोगी पडत नाही. नोंद करणाऱ्याने एका पद्धतीने टंकलं होतं, शोधणाऱ्याने दुसऱ्या. त्या दिवशी ग्रंथपालबाई रजेवर असत्या, तर वाचक रिकाम्या हाताने परत गेले असते. ही गोष्ट आम्हाला आजही लागून राहिली आहे.

यावर उपाय सोपा आहे. शोध घेण्याआधी दोन्ही रूपं एकाच रूपात आणणारा नियम यंत्रणेला द्यायचा आणि आधीच्या सगळ्या नोंदींवरून तो एकदा फिरवायचा. 'दऱ्या', 'वाऱ्या' यांतल्या आडव्या रफाराची गतही अशीच आहे. तो 'ऱ' वापरून लिहिता येतो, किंवा 'र' आणि हलन्त यांच्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह घालूनही. हे अदृश्य चिन्ह कॉपी-पेस्ट करताना नोंदीत शिरतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

जुन्या पुस्तकांचा प्रश्न वेगळा आहे. १९६२ च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. पण त्याआधीच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर 'कांहीं' आणि 'नांव' छापलेलं आहे. नोंद मुखपृष्ठाप्रमाणेच व्हायला हवी, त्यात तडजोड नको. वाचक मात्र 'काही' आणि 'नाव' असंच लिहून शोधणार. म्हणून मूळ नाव मार्क २१ च्या (संगणकीय नोंदीचा ठरलेला साचा, त्यातल्या प्रत्येक रकान्याला म्हणजे क्षेत्राला क्रमांक असतो) २४५ या क्षेत्रात जसंच्या तसं ठेवायचं आणि आजच्या लेखनातलं रूप २४६ मध्ये पर्यायी नाव म्हणून भरायचं. एका नोंदीला अर्धा मिनिट लागतो.

लेखकांच्या नावांत तर हा घोळ फार होतो. आद्याक्षरांमध्ये कुठे जागा सोडलेली, कुठे नाही. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. त्यात टोपणनावं. कुसुमाग्रजांची कविता आवडलेल्या वाचकाला वि. वा. शिरवाडकरांची नाटकंही त्याच शोधात दिसायला हवीत. त्यासाठी अधिकृत नावांची यादी असते आणि तिच्यात एका व्यक्तीची सगळी नावं एकमेकांना जोडलेली असतात. ही यादी नसेल तर लेखकाच्या नावावर टिचकी मारून त्याची सर्व पुस्तकं पाहण्याची सोय असून नसल्यासारखी.

युनिकोड येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये केलेल्या नोंदी ज्यांच्याकडे आहेत, त्यांना एकच विनंती. त्या पुन्हा टंकायला घेऊ नका. त्या फॉन्टचं नाव आम्हाला कळवा. बहुतेक वेळा रूपांतर करता येतं. जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी तेवढी माणसाने डोळ्यांखालून घालावी लागते.

नोंदीत आणखी काय असावं

नाव, लेखक, प्रकाशक, दाखल क्रमांक आणि वर्गांक एवढ्यावर पुस्तकांचा हिशोब नीट राहतो. पुस्तक सुचवायचं तर त्याहून जास्त लागतं. अमेरिकी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल म्हणतात की वाचक पुस्तकात चार दारांनी शिरतो : कथा, पात्रं, स्थळकाळ आणि भाषा. कोणाला गोष्ट पुढे सरकायला हवी असते, कोणाला माणसं जवळची वाटायला हवीत, कोणाला दुसऱ्या प्रदेशात किंवा काळात जायचं असतं, तर कोणी एकेक वाक्य चवीने वाचतो. "ते आवडलं, तसंच दुसरं द्या," असं वाचक म्हणतो तेव्हा तो यांपैकी एका दाराबद्दल बोलत असतो. विषयाच्या वर्गांकात हे दार दिसत नाही.

म्हणून प्रत्येक नोंदीत तीन-चार वाक्यांचा सारांश भरा (क्षेत्र ५२०). त्यात प्रमुख पात्र कोण, गोष्ट कुठे आणि केव्हा घडते, वेग कसा आहे, शेवट सुखाचा की जड, हे साध्या शब्दांत लिहा. पाठपृष्ठावरची स्तुती उतरवून घेऊ नका. 'हृदयस्पर्शी' या शब्दावरून कोणालाच काही सापडत नाही. 'विधवा शिक्षिका, किनाऱ्यावरचं गाव, संथ कथन' यावरून सापडतं. साहित्यप्रकार ६५५ मध्ये आणि मालिकेचं नाव खंडाच्या क्रमांकासह ४९० मध्ये घाला. लहान मुलांच्या विभागात मालिकेचा क्रम राहिला की काय होतं, ते तिथे बसणाऱ्यांना विचारा. तिसरा भाग आधी वाचलेलं मूल फार नाराज होतं.

सगळा संग्रह एका दमात भरायचा नाही. गेल्या वर्षी जास्त फिरलेली दोनशे पुस्तकं आणि तुमच्या स्वतःच्या आवडीची, पण कोणी नेत नाही अशी शंभर, एवढ्यांपासून सुरुवात करा. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत 'प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ' याच्या पाठोपाठ 'प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक' असंही सूत्र आहे. ही शंभर पुस्तकं त्या दुसऱ्या सूत्रासाठी.

साधनं कोणती

कोहा हे कॅटलॉग आणि देवघेव सांभाळणारं मुक्त सॉफ्टवेअर आमच्या बहुतेक ग्राहकांकडे चालतं. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालयांसाठी ते तयार झालं आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. परवान्याचे पैसे लागत नाहीत. खर्च होतो तो बसवण्याचा, सर्व्हरचा आणि शिकवण्याचा. वाचकांसाठीचं शोधपान त्यात येतंच. ते अपुरं वाटलं, तर अमेरिकेतल्या व्हिलानोव्हा विद्यापीठाने सुरू केलेलं व्ह्यूफाइंड हे मुक्त साधन कॅटलॉगच्या वर बसवता येतं. त्यात बाजूच्या रकान्यातून भाषा, प्रकार, वर्ष असं निवडत निकाल गाळत नेता येतात. संग्रह लहान असेल तर ते बसवण्याची घाई करू नका, असं आम्ही स्वतःच सांगतो.

नवीन पुस्तकाची नोंद हाताने करण्याआधी झेड ३९.५० ही ग्रंथालयांच्या संगणकांनी एकमेकांकडे नोंदी शोधण्याची ठरलेली पद्धत वापरून पाहा. दुसऱ्या ग्रंथालयाने केलेली नोंद त्यावरून थेट आपल्याकडे ओढता येते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा कॅटलॉगही असा खुला आहे. एक अडचण माहीत असू द्या : तिथल्या मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत, उच्चारचिन्हांसह असतात. नोंद घेतल्यावर देवनागरी नाव आणि लेखक ८८० या क्षेत्रात जोडल्याशिवाय ती प्रसिद्ध करू नका. नाहीतर पुन्हा तेच, पुस्तक कपाटात आणि निकाल शून्य.

मुखपृष्ठांसाठी इंटरनेट अर्काइव्हचा ओपन लायब्ररी हा प्रकल्प उपयोगी पडतो. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) जुळला की कोहामध्ये मुखपृष्ठ आपोआप दिसू शकतं. मराठी पुस्तकांची चित्रं तिथे बऱ्याचदा नसतात, तेव्हा आपणच मोबाईलवर फोटो काढून चढवायचा. हिरवं मुखपृष्ठ आठवणाऱ्या वाचकाला नुसत्या नावांच्या यादीपेक्षा चित्रांची रांग लवकर ओळखू येते.

आयएसबीएनचं एक गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. १ जानेवारी २००७ पासून तो १३ अंकी झाला. जुना १० अंकी क्रमांक नव्या रूपात आणताना पुढे ९७८ लागतं आणि शेवटचा अंकही नव्याने काढावा लागतो. उदाहरणार्थ, ०-३०६-४०६१५-२ चं ९७८-०-३०६-४०६१५-७ होतं. नुसतं ९७८ चिकटवून टाकलेले चुकीचे क्रमांक आम्हाला जुन्या नोंदींत वारंवार सापडतात, आणि अशा नोंदीला मुखपृष्ठ कधीच मिळत नाही.

वाचकाला एखादं वाक्यच आठवत असेल, तर ते अवतरणचिन्हांत घालून गूगल बुक्समध्ये शोधा. स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या आतल्या मजकुरात तिथे शोध घेता येतो. आवडीनुसार पुस्तक सुचवणाऱ्या सेवांमध्ये व्हिचबुकची कल्पना आम्हाला सुंदर वाटते. तिथे आनंदी ते उदास, गंभीर ते गमतीदार अशा पट्ट्यांवर खूण सरकवून पुस्तक निवडता येतं. नॉव्हेलिस्ट ही वर्गणी भरून घ्यायची सेवा कथेचा वेग, सूर, पात्रं यांवरून जवळची पुस्तकं दाखवते. दोन्हींचा भर इंग्रजी पुस्तकांवर आहे. मराठी संग्रहासाठी त्या घेण्यापेक्षा त्यांची पद्धत उचला आणि तोच वेळ आपल्या ५२० मध्ये घाला.

आणि बोलून टंकण्याची सोय. टंकलेखनाची सवय नसलेले ज्येष्ठ वाचक मोबाईलच्या कळफलकावरचा माईक दाबून मराठीत बोलतात आणि पुस्तक शोधतात. यासाठी काही विकत घ्यायचं नाही. फक्त शोधपान मोबाईलवर नीट उघडतंय ना, ते पाहायचं.

एआय कुठे कामाचं, कुठे नाही

अर्थावरून शोध हा यातला खरोखर उपयोगी भाग. यंत्रणा प्रत्येक नोंदीतल्या मजकुराचं आकड्यांच्या लांब रांगेत रूपांतर करते. अर्थाने जवळचे मजकूर आकड्यांतही जवळ येतात. मग 'एकटी बाई, समुद्र' असं शोधलं, तरी 'विधवा शिक्षिका, किनाऱ्यावरचं गाव' ही नोंद वर येऊ शकते, एकही शब्द सारखा नसताना. मात्र सारांशच नसेल, तर तिच्यासमोर नाव आणि प्रकाशक एवढंच असतं. मराठीत ती किती चालते हे निवडलेल्या मॉडेलवर अवलंबून आहे. म्हणून तुमच्याच वाचकांचे तीसेक खरे प्रश्न घेऊन आम्ही ती आधी तपासतो आणि निकाल तुमच्यासमोर ठेवतो.

बोलक्या चॅटबॉटला पुस्तक विचारताना मात्र सावध राहा. तो अस्तित्वात नसलेलं पुस्तक, खऱ्या लेखकाच्या नावावर, खात्रीच्या सुरात सांगू शकतो. मराठी पुस्तकांबाबत तर हे फार होतं. त्याने दिलेलं प्रत्येक नाव आधी आपल्या कॅटलॉगमध्ये, मग वर्ल्डकॅट या जगभरच्या ग्रंथालयांच्या एकत्रित कॅटलॉगवर आणि प्रकाशकाच्या यादीत पाहा. आयएसबीएन दिला असेल तर १३ अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करा. तिला १० ने भाग गेला नाही, तर क्रमांक खोटा. भाग गेला तरी पुस्तक असेलच असं नाही, म्हणून बाकीची तपासणी सोडू नका. खात्री झाल्याशिवाय वाचकाला नाव लिहून देऊ नका. ग्रंथपालाने सांगितलं म्हणून तो चार ठिकाणी शोधत फिरतो.

चॅटबॉटचा चांगला उपयोग प्रश्न सुचवण्यासाठी होतो. वाचकाचं धूसर वर्णन त्याला द्या आणि "यावरून मी वाचकाला आणखी काय विचारू?" असं विचारा. नव्या सहकाऱ्यांना शिकवताना आम्ही हीच रीत वापरतो.

वाचकाचं वाचन हे त्याचं खाजगी

"तुम्ही हे वाचलंत, आता हे वाचा," असं सुचवायचं तर वाचनाचा इतिहास साठवावा लागतो. आजार, कायदा, घटस्फोट या विषयांवर कोणी काय नेलं, हे दुसऱ्या कोणाला कळता कामा नये. कोहामध्ये परत आलेल्या पुस्तकाच्या देवघेवीतून वाचकाचं नाव काढून टाकण्याची सोय आहे. आम्ही ती बसवतानाच चालू करतो. इतिहास ठेवायचा असेल तर तो वाचकाने स्वतः मागितल्यावरच. चॅटबॉटला प्रश्न विचारताना वाचकाचं नाव किंवा सभासद क्रमांक कधीही टाकू नका.

पहिल्या भेटीआधी

आम्ही येण्याआधी दोन आठवडे टेबलावर एक वही ठेवा. वाचक जे शब्द बोलला तेच तिच्यात लिहा, सुधारून लिहू नका. पुढे, पुस्तक शेवटी सापडलं का आणि कशामुळे सापडलं : संगणकामुळे, कपाट माहीत होतं म्हणून, की दुसऱ्या वाचकाने सांगितलं म्हणून. सोबत सध्याच्या नोंदींची एक फाईल काढून ठेवा. कुठल्याही रूपात असली तरी चालेल.

पहिल्या दिवशी आम्ही नवीन काही बसवत नाही. वहीतला एकेक प्रश्न तुमच्या शोधपानावर टाकतो आणि जिथे शून्य येतं, तिथे कपाटापाशी जाऊन पुस्तक हातात घेऊन त्याची नोंद उघडतो. ज्यांनी ते पुस्तक शोधून दिलं होतं, ते ग्रंथपाल त्या वेळी शेजारी असावेत, एवढी आमची अट आहे.