एअर पकडली!

“मारा... मारा... मारा... धरा! सोडू नका!”

लालबागच्या एका गल्लीत, माझ्याच गाडीत बसून मी हे हुकूम पाळत होतो. मेकॅनिकदादा मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसलेले. ब्रेकच्या ऑइलमध्ये शिरलेली हवा काढणं चाललं होतं. तीनदा पेडल दाबायचं, चौथ्यांदा दाबून धरायचं. मग ते पान्यानं ब्रेकचं निपल, म्हणजे हवा सोडायचा पोकळ स्क्रू, जरासं सैल करणार, पारदर्शक नळीतून ऑइल बाटलीत उतरणार आणि पेडल माझ्या पायाखाली बसत जाणार. निपल पुन्हा आवळलं की मगच पाय उचलायचा. आधी उचलला तर बाहेरची हवा उलट आत ओढली जाते. आपल्या गाड्यांत ड्रायव्हर उजवीकडे, पेडलचा दाब ऑइलवर देणारा मास्टर सिलिंडरही त्याच्याच पुढ्यात; म्हणून सर्वांत लांबचं मागचं डावं चाक बहुधा पहिलं. (काही कंपन्या वेगळा क्रम सांगतात, आणि एबीएसवाल्या गाडीला कधी कधी स्कॅनरही लावावा लागतो.)

नळीतून दोन-चार बुडबुडे गेले. एवढ्यासाठी एवढा खटाटोप?

घरात इंजेक्शनची सिरिंज असेल तर सुई काढून पाणी भरा, तोंडावर बोट दाबा आणि दट्ट्या ढकला. ढिम्म हलत नाही. आता पाण्याऐवजी हवा भरा. दट्ट्या निम्म्यापर्यंत आरामात जातो आणि सोडला की उसळून मागे येतो. १०० वातावरणांइतका दाब दिला तरी पाणी जेमतेम अर्धा टक्का आकसतं. हवा मात्र शंभराव्या हिश्शात मावते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा सतराव्या शतकातला नियम. ब्रेक त्यावरच चालतो. मध्ये बुडबुडा आला की तो आधी स्वतः दबून घेतो, चाकाचं नंतर पाहतो.

हिशेब करून पाहू. मास्टर सिलिंडरचा व्यास २० मिलिमीटर धरला, तर १ घनसेंटिमीटर हवा दाबून टाकण्यात त्याचा दट्ट्या ३ मिलिमीटर वाया घालवतो. पेडलची तरफ हे अंतर चार-पाचपट करते. म्हणजे पायाखाली जवळजवळ दीड सेंटिमीटर पोकळी! मेकॅनिक ज्याला ‘स्पंजी पेडल’ म्हणतात ते हेच.

बुडबुडा काढण्याच्या सगळ्या युक्त्या एका गोष्टीवर उभ्या आहेत: हवा वर चढते. म्हणून निपल नेहमी कॅलिपरच्या, म्हणजे चाकापाशी ब्रेक आवळणाऱ्या भागाच्या, माथ्याशी असतं. एका ओळखीच्यांच्या गाडीचे पुढचे कॅलिपर खोलून बसवताना डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे गेला. सगळं नीट बसलं, फक्त निपलं खाली आली. मग बाटल्याच्या बाटल्या ऑइल ओतलं तरी पेडल लिबलिबीतच. हवा वर निवांत बसलेली, आणि खालून निघत होतं ते स्वच्छ ऑइल.

ही झाली बाहेरून शिरलेली हवा. पण बुडबुडा आतही तयार होतो. ब्रेक ऑइल हे खरं तर तेल नाही. ग्लायकॉल ईथरच्या कुळातला द्रव आहे, आणि तो पाणी शोषतो. मुंबईत जुलैमध्ये मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तशाच हवेत ही गाडी वर्षभर उभी असते. डॉट ४ दर्जाचं ऑइल कोरडं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये, असं प्रमाण आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. आता बोरघाट आठवा. १२०० किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात एक बादलीभर पाणी उकळेल. त्यातला काही वाटा इंजिन आणि वारा खातात, बाकीचा ब्रेकच्या माथी. खालच्या गिअरऐवजी सतत ब्रेकवर उतरलात, तर जुनं ऑइल उकळतं, वाफ होते आणि पेडल तळाला जातं. गंमत अशी, की टोइंगवाला येईपर्यंत ब्रेक थंड होतात, वाफ विरते आणि मेकॅनिकला काहीच दोष सापडत नाही! दर दोन वर्षांनी ऑइल बदलण्याचा सल्ला यासाठीच.

कूलंटमधल्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवातल्या, हवेचा गुन्हा वेगळा. तिथे ती दबते म्हणून नव्हे, हलत नाही म्हणून नडते. गच्चीवरची टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली की नळ खोकतो, फुसफुसतो, आणि एखाद्या मजल्यावर पाणी येतच नाही, प्लंबर म्हणतो, “पाइपनं एअर पकडली.” इंजिनातही तेच. वॉटर पंप पात्यांनी द्रव भिरकावतो. हवा इतकी हलकी की पाती नुसतीच फिरतात. त्यातून, १ लिटर पाणी एका अंशानं तापताना जेवढी उष्णता उचलतं, तेवढीसाठी साडेतीन हजार लिटर हवा लागेल. बुडबुडा सिलिंडर हेडमध्ये अडकला तर तिथला धातू भाजून निघतो. आणि तापमानाचा सेन्सरच हवेत उघडा पडला तर काटा गप्प.

थंड प्रदेशातल्या माणसाला हे लवकर कळतं, कारण गाडीचा हीटर याच कूलंटच्या उष्णतेवर चालतो आणि त्यातून गार वारा येऊ लागतो. मुंबईत हीटर लावतो कोण? त्यामुळे आपल्याकडे पहिली खूण कळते ती सायन-पनवेल रस्त्यावर, बॉनेटमधून वाफ निघाल्यावर. (तेव्हा रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाबाखाली शंभराच्या वर तापलेलं पाणी असतं, झाकण सुटताच ते उसळतं.)

उपाय गमतीचा दिसतो. गार इंजिनाचं झाकण उघडून कूलंट भरायचं, गाडीचं नाक उंचवट्यावर चढवायचं, एअर काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करायचा आणि इंजिन चालू ठेवून हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, म्हणजे त्याच्या नळ्यांतूनही प्रवाह जातो. मे महिन्यात काचा खाली करून, घाम पुसत, गरम वारा कधी येतो याची वाट बघायची. थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास उघडतो, मोठा बुडबुडा ‘ब्लप’ करून वर येतो, पातळी खाली जाते, वरून कूलंट ओतायचं. बुडबुडे थांबले की झाकण लावायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, मी कूलंटच्या बाटलीतली पातळी पाहिली. दोन बोटं उतरली होती.