पोथीपासून पुस्तक-भिशीपर्यंत: मराठी वाचकमंडळांची पार्श्वभूमी

महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचे, सगळ्यांनी वाचलेल्या एका पुस्तकावर बोलायचे आणि निघताना पुढचे पुस्तक ठरवायचे, अशी मित्रमैत्रिणींची वाचकमंडळे आज मोठ्या शहरांत आहेत, तशीच तालुक्याच्या गावांतही आहेत. त्यांपैकी बरीच वर्षभरात थंडावतात, काही मात्र वर्षानुवर्षे आनंदाने चालू राहतात. हा फरक सहसा सदस्यांच्या उत्साहाच्या खात्यावर मांडला जातो. मला एवढे कारण पुरेसे वाटत नाही. मराठी समाजात एकत्र वाचण्याच्या ज्या रीती पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, त्या पाहिल्या तर त्यांना जवळजवळ नेहमीच ठरलेली मुदत होती, आणि ती संपली की पुन्हा नव्याने आरंभ करण्याची सोयही होती.

सर्वांत जुनी रीत पोथीची. अठराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत श्रीधरस्वामींनी ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ रचले आणि चातुर्मासात, विशेषतः श्रावणात, देवळात किंवा एखाद्याच्या ओसरीवर ते लावण्याचा प्रघात गावोगाव रुजला. एकाने ओव्या वाचायच्या आणि जाणत्याने अर्थ सांगायचा, ही त्याची पद्धत. ऐकणाऱ्याला अक्षरओळख असलीच पाहिजे असे नव्हते, आणि कथा बहुतेकांना ठाऊक असल्यामुळे एखादा दिवस चुकला तरी दुसऱ्या दिवशी येऊन बसायला संकोच वाटत नसे. शेवटच्या अध्यायाला समाप्ती व्हायची, प्रसाद वाटला जायचा आणि पोथी पुन्हा बासनात बांधून ठेवली जायची. या बैठकीत कुणी कुठे बसायचे, किंबहुना कुणी आत यायचे, यावर जातीची बंधने होती, हेही याच इतिहासात नमूद करायला हवे.

म्हणूनच वर्षावासातील वाचनाला मी या परंपरेत फार वरचे स्थान देतो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने महाराष्ट्रातील बौद्ध वस्त्यांमधील विहारांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ क्रमाने वाचला जातो. मूळ इंग्रजी ग्रंथ 1957 साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. दिवसभराचे काम उरकून आलेली माणसे सायंकाळी जमतात, एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात आणि अडलेले विचारतात. वाचकमंडळांविषयी लिहिताना या वाचनाचा उल्लेख बहुधा राहूनच जातो. वास्तविक एकाच ग्रंथाभोवती इतक्या सातत्याने जमणारे वाचक महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच आढळतील.

एकोणिसाव्या शतकात वाचनालये आली. रत्नागिरीचे 1828 सालचे, नाशिकचे 1840 सालचे, पुण्यात लोकहितवादींच्या पुढाकाराने 1848 साली निघालेले, आणि शतक सरताना ठाणे (1893) व मुंबई (1898) येथील मराठी ग्रंथसंग्रहालये. त्यांनी पुस्तके आणि वृत्तपत्रे हाताशी आणली, पण वाचलेल्यावर बोलण्याची जागा मुख्यतः सभांमध्ये होती. मुंबईत एल्फिन्स्टन या शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी 1848 साली साहित्य व शास्त्र यांच्या चर्चेसाठी जी संस्था काढली, तिच्या मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक शाखांत निबंध वाचले जात आणि त्यांवर चर्चा होई. याच तरुणांनी पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा सुरू केल्या. तरीही सभा म्हणजे मित्रांची बैठक नव्हे. तिथे वक्ता असतो, अध्यक्ष असतो आणि श्रोत्यांना बोलायला वाव कमी असतो.

मित्रांच्या बैठकीचे मराठीतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 1923 साली पुण्यात स्थापन झालेले रविकिरण मंडळ. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, ग. त्र्यं. माडखोलकर, वि. द. घाटे, दिवाकर ही मंडळी रविवारी चहाच्या निमित्ताने जमत, एकमेकांच्या कविता ऐकत आणि त्यांवर मोकळेपणाने बोलत. वार ठरलेला, माणसे मोजकी, चहा हमखास. एवढ्या साध्या बांधणीवर पहिल्याच वर्षी ‘किरण’ हा त्यांचा संयुक्त संग्रह निघाला. पुढे यशवंत, गिरीश आणि माधव ज्यूलियन यांनी जाहीर काव्यगायनाची आवड महाराष्ट्रभर पसरवली. पण ही बैठक ठरावीक माणसांवर उभी होती. माडखोलकर 1924 साली ‘महाराष्ट्र’ पत्रासाठी नागपूरला गेले, 1926 साली मनोरमाबाईंचे निधन झाले, आणि 1928 साली माधव ज्यूलियन कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात रुजू झाले. गेलेल्यांच्या जागी नवे लोक घेऊन नवी फेरी सुरू करण्याची रीत अशा स्नेहमंडळांत सहसा नसते आणि माझ्या मते त्यांचे आयुष्य तिथेच आखडते.

अलीकडच्या काळात पुस्तके आणि माणसे यांची गाठ नव्याने घालण्याचे काम नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेने केले. विनायक रानडे यांनी 2009 साली ती सुरू केली. शंभर पुस्तकांची पेटी एखाद्या सोसायटीतील किंवा गावातील वाचकांच्या गटाकडे द्यायची, गटातील एकाने ती घरी सांभाळायची आणि काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची, अशी तिची रचना आहे. ही पेटी तुरुंगांत गेली, दुबईतील मराठी कुटुंबांपर्यंत पोहोचली. पेटी बदलण्याची तारीख आली की पुस्तके परत करायला सगळे एकत्र येतात आणि वाचलेल्यावर बोलणे आपोआप निघते. मुदत इथेही आहे.

पुस्तक-भिशीत हीच गोष्ट आणखी नेमकी दिसते. ही पद्धत घराघरांतल्या पैशांच्या भिशीवरून उचललेली आहे. दर महिन्याला प्रत्येकीने ठरलेली रक्कम द्यायची, चिठ्ठी निघेल तिने जमलेल्या पैशांची आपल्या आवडीची पुस्तके घ्यायची आणि पुढच्या बैठकीत त्यांतले एखादे इतरांना सांगायचे. बारा जणी असतील तर बारा महिन्यांत फेरी पुरी होते. चिठ्ठी लागून गेली म्हणून मधेच सोडता येत नाही, कारण उरलेल्यांचे पैसे अडकलेले असतात. फेरी पुरी झाल्यावर मात्र कुणी थांबली तर तिला कुणी नावे ठेवत नाही, आणि तिच्या जागी शेजारची किंवा कचेरीतली एखादी सहज येऊ शकते. पुस्तक कोणते घ्यायचे हा बहुतेक मंडळांतील रुसव्याफुगव्यांचा मुद्दाही इथे उरत नाही, कारण ज्या महिन्याची चिठ्ठी जिची, त्या महिन्याची निवड तिची.