‘ड्रेस’ केलेली कोंबडी, ‘करी’ केलेले चामडे

दुकानावर ‘ड्रेस्ड चिकन’ अशी पाटी असते आणि आत टांगलेल्या कोंबडीच्या अंगावर एक पीसही नसते. शाळेच्या ड्रेसची सवय असलेल्याला हे उलटेच वाटणार, पण शब्दाच्या हिशेबाने खाटीक बरोबर आहे.

‘ड्रेस’चे मूळ लॅटिन ‘दिरेक्तुस’, म्हणजे सरळ, ‘डायरेक्ट’ही तिथलाच. बोलीतल्या लॅटिनमधून तो जुन्या फ्रेंचमध्ये ‘सरळ करणे, नीट लावणे’ या अर्थाने गेला आणि तिथून चौदाव्या शतकात इंग्रजीत उतरला. कपडे घालून माणूस नीटनेटका करणे हा या ‘नीट लावण्या’तला एक प्रकार झाला. बायकांचा झगा हा अर्थ तर सतराव्या शतकातला. जखमेचे ड्रेसिंग, पाथरवटाने ड्रेस केलेला चिरा, सॅलडवरचे ड्रेसिंग ही सगळी जुन्या अर्थाची पिलावळ.

मूळ अर्थ अगदी कोरा पाहायचा तर परेडच्या मैदानावर. ‘राइट ड्रेस’ला एनसीसीत ‘दाहिने सज’ म्हणतात. या हुकमावर कोणी कपडे सारखे करत नाही. उजव्या टोकाचा सोडून बाकीचे मान उजवीकडे वळवतात, पुढेमागे सरकून रांग सरळ करतात आणि ‘सामने देख’ झाले की मान पुढे. ‘सज’ निवडणाऱ्याने नेम बरोबर साधला आहे. संस्कृतात दोरी चढवलेले धनुष्य ‘सज्ज’, आणि त्याच घरातले आपले ‘सजणे’ नटण्यामुरडण्याकडे गेले. खुद्द ‘परेड’ हा शब्दही तयारीचाच. लॅटिन ‘पारारे’, म्हणजे तयार करणे, याच्यापासून तो आला. ‘प्रिपेअर’, ‘रिपेअर’, ‘अ‍ॅपरेटस’ आणि जरा लांबून ‘एम्परर’ हे त्याचे भाऊबंद.

कोंबडीकडे परत येऊ. ड्रेसिंग म्हणजे आधी रक्त पूर्ण निथळू देणे, मग 58 ते 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात साधारण मिनिटभर बुडवणे, पिसे उपटणे, शेवटी डोके, पाय, आतडी काढणे. पाणी जास्त तापले तर कातडी शिजते आणि पिसांबरोबर फाटून येते. कोमट राहिले तर पंखांची मोठी पिसे सुटत नाहीत. 2 किलोच्या ब्रॉयलरमधून साधारण 1.4 किलो हाती लागते. म्हणून भाव विचारताना वजन जिवंत की ड्रेस्ड हे आधी विचारावे. शेतकऱ्याकडे हाच शब्द ‘सीड ड्रेसिंग’, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध चोळणे, म्हणून आला. त्याला मराठीने ‘बीजप्रक्रिया’ असे जड नाव दिले. ‘टॉप ड्रेसिंग’चे, म्हणजे उभ्या पिकाला वरून दिलेल्या खताचे, ‘वरखत’ मात्र झकास. बीजप्रक्रियेत क्रम महत्त्वाचा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, जिवाणू खत सर्वांत शेवटी. रायझोबियमसारखे जिवाणू खत लावलेले बियाणे सावलीतच सुकवायचे, उन्हात जिवाणू मरतात.

‘रेडी’ची कुळी घोड्याची. ‘राइड’, ‘रोड’, ‘रेड’ (म्हणजे धाड) यांच्याशी त्याचे नाते आहे, आणि त्याचा मूळ अर्थ ‘स्वारीला निघण्याजोगा’ असा बहुतेक व्युत्पत्तिकार मानतात. हेच जर्मानिक मूळ फ्रेंचमध्ये शिरले, पुढे ‘कॉन’ हा उपसर्ग चिकटला आणि इंग्रजीत ‘करी’ हे क्रियापद मिळाले: घोड्याला खरारा करणे, आणि कमावलेले चामडे वापरण्याजोगे करणे. जेवणातली करी तमिळ ‘करि’वरून आली. दोघींचा काडीचा संबंध नाही.

चामडे करी करताना आधी ते ओले करून मांसाकडची बाजू दोन मुठींच्या सुरीने तासतात, जाडी सारखी करतात. मग चरबी आणि माशाचे तेल यांचे मिश्रण, म्हणजे ‘डबिन’, चोळतात. चामडे या वेळी दमटच हवे. पाणी जसजसे उडते तसतसे तेल तंतूंमध्ये शिरते. कोरड्या चामड्यावर चोळले तर वरच्या वर चिकट थर बसतो, आत तंतू कोरडेच राहतात आणि घडीवर भेगा पडतात.

‘करी फेवर’, म्हणजे खुशामत करणे, हाही खराऱ्याचाच प्रकार. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका फ्रेंच काव्यात फोव्हेल नावाचा लबाड घोडा आहे आणि थोरामोठ्यांची त्याला खरारा करायला झुंबड उडते. इंग्रजीत तो ‘फेव्हल’ झाला. सोळाव्या शतकापर्यंत घोडा विसरला गेला आणि लोकांनी ‘फेवर’ ऐकले.

‘डबिन’ ज्या ‘डब’पासून आला तोही तयारीचाच शब्द. सरदाराला शस्त्रे देऊन सजवणे हा त्याचा जुना फ्रेंच अर्थ. सिनेमाचे डबिंग मात्र या घराण्यातले नाही, ते ‘डबल’चे आखूड रूप.