तेल वाट बदलतं, वायू बांधून ठेवतो

बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीची पायाभरणी १० मे १९६३ रोजी पंडित नेहरूंनी केली आणि ऑक्टोबर १९६५मध्ये तिचं पहिलं युनिट सुरू झालं. बडोद्याच्या मराठी घरांत या कारखान्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात कुठेही विचारा. कुणाचे काका रिफायनरीत होते, कुणाची आत्या आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीच्या टाउनशिपमध्ये राहायची, कुणाचे आजोबा जीएसएफसी या खत कंपनीतून निवृत्त झाले. या कारखान्यांनी आपल्या तीन पिढ्या पोसल्या. ते इथे का आले आणि रिफायनरी सोव्हिएत मदतीनं का उभी राहिली, हे मात्र घरात फारसं बोललं जात नाही. आज युद्धांमुळे आणि इंधनाच्या टंचाईमुळे देशांची दोस्ती-दुश्मनी भराभर पालटते आहे, ती समजून घ्यायची तर सुरुवात कोयलीपासूनच करावी.

१९६०च्या सुमारास देशातल्या मोठ्या रिफायनऱ्या परदेशी कंपन्यांच्या होत्या. ट्रॉम्बेला बर्मा-शेल आणि स्टॅनव्हॅक, विशाखापट्टणमला कॅल्टेक्स. सोव्हिएत संघानं स्वस्त कच्चं तेल देऊ केलं तेव्हा ते शुद्ध करून द्यायला या कंपन्यांनी नकार दिला, कारण त्या आपल्याच साखळीतल्या विहिरींचं तेल वापरत. तेल विकत घेता येत होतं, पण त्याचं पेट्रोल-डिझेल करून देणारा कारखाना आपल्या हातात नव्हता. तेव्हाचे तेलमंत्री केशवदेव मालवीय सरकारी रिफायनऱ्यांसाठी झटत होते, त्यांच्या आग्रहाला यातून धार आली. गुवाहाटीला रुमानियाची मदत मिळाली, बरौनीला आणि कोयलीला सोव्हिएत संघाची. १९६० सालीच अंकलेश्वरला तेल लागलं होतं, त्यामुळे गुजरातमधली रिफायनरी त्याच्या जवळ, बडोद्याला येणं ओघानंच आलं.

कच्चं तेल हा एकच एक पदार्थ नव्हे. शेकडो हायड्रोकार्बनांचं ते मिश्रण असतं आणि प्रत्येक क्षेत्राचं मिश्रण वेगळं. रिफायनरीत ते साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. हलके रेणू वर चढून थंड होतात, जड रेणू तळाशी राहतात. मधल्या मजल्यांवर नॅफ्था, केरोसीन, डिझेल वेगळं काढून घेतात. अंकलेश्वरचं तेल हलकं, गंधक कमी असलेलं. आखातातलं बरंचसं तेल त्याहून जड आणि गंधकानं भरलेलं. हे गंधक पोलादाच्या नळ्या खातं, उत्प्रेरकं, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारे पदार्थ, निकामी करतं आणि डिझेलमध्ये राहिलं तर हवेत विष ओततं. ते काढायचं तर मोठ्या दाबाखाली हायड्रोजन द्यावा लागतो, कोबाल्ट आणि मॉलिब्डेनमच्या उत्प्रेरकावरून तेल न्यावं लागतं. डिझेलमधलं गंधक काढणारं असं युनिट देशात सर्वांत आधी कोयलीलाच उभं राहिलं, जून १९९९मध्ये.

थोडक्यात, रिफायनरी म्हणजे विशिष्ट प्रकारच्या तेलासाठी घडवलेली धातूची रचना. दुसऱ्या देशाचं तेल घ्यायचं ठरवलं तर मंत्र्यांची सही एका दिवसात होते, धातू बदलायला वर्षं लागतात. वर्तमानपत्रांतल्या परराष्ट्र धोरणाच्या चर्चेत हा मुद्दा जवळपास नसतोच. तो असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

२०२२ साली भारतानं जे केलं ते याच प्रकाशात पाहा. युक्रेनचं युद्ध सुरू झालं त्या फेब्रुवारी २०२२पूर्वी आपल्या तेल-आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता. २०२३मध्ये तो एक तृतीयांशाच्या वर गेला. एवढी उलथापालथ वर्षभरात झाली, कारण रशियाचं ‘उराल’ तेल घनतेनं मध्यम आणि गंधक जास्त असलेलं, तेलवाल्यांच्या भाषेत ‘आंबट’, असतं, म्हणजे इराक-सौदीच्या तेलाचं जवळचं भावंडच. आखाती तेल पचवण्यासाठी आपल्या रिफायनऱ्यांनी तीस वर्षं जी यंत्रं बसवली होती, ती उरालला तशीच चालली. शिवाय तेल सामान्य तापमानाला द्रव असतं. टँकरला कच्छच्या आखातात वाडिनारला यायचं असतं. तो बसऱ्याहून निघाला की बाल्टिक समुद्रातून, याचा तिथे नांगर टाकण्याशी आणि पुढच्या पाइपलाइनशी संबंध नाही. वाडिनारजवळच्या सलायाहून जमिनीखालून तेल विरमगामला आणि पुढे कोयलीला पोचवणारी वाहिनी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून आहेच.

याची राजकीय किंमतही आली. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेनं रशियन तेलाच्या कारणावरून भारतीय मालावर आणखी २५ टक्के शुल्क लादलं. त्याआधी जुलैमध्ये युरोपीय संघानं रशियन तेलापासून तिसऱ्या देशात बनवलेल्या डिझेलवरही बंदी ठरवली. आता इथे रसायनशास्त्र आडवं येतं. कच्च्या तेलाची जन्मभूमी ओळखता येते, कारण कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्मजीवांच्या पेशींतून आलेले होपेन आणि स्टेरेन नावाचे मोठे रेणू त्यात ठशासारखे असतात. पण हे रेणू जड असतात. मनोऱ्यात ते बहुतेक तळाच्या भागात राहतात, डिझेलबरोबर वर जात नाहीत. म्हणून असल्या बंदीची अंमलबजावणी प्रयोगशाळेपेक्षा कागदपत्रांवरच चालते.

वायूची गोष्ट पूर्ण वेगळी आहे.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. एक लिटर नैसर्गिक वायूत, साध्या दाबाला, त्याच्या हजारावा भाग. एवढी विरळ ऊर्जा समुद्रापार न्यायची तर वायू आक्रसायला हवा. घरच्या सिलिंडरमधले प्रोपेन आणि ब्युटेन थोड्याशा दाबानं द्रव होतात. नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन मात्र होत नाही. उणे ८२ अंशांच्या वर कितीही दाबा, तो द्रव व्हायला तयार नसतो. त्याला उणे १६२ अंशांपर्यंत थंड करावं लागतं, तेव्हा त्याचं आकारमान सहाशे पटींनी कमी होतं. त्या थंडाव्यातच वायूतली जवळपास एक दशांश ऊर्जा खर्ची पडते. मग त्याला नेणारं जहाज म्हणजे समुद्रावर तरंगणारा अवाढव्य थर्मास. पावणेदोन लाख घनमीटर द्रव, म्हणजे बाहेर काढल्यावर सुमारे दहा कोटी घनमीटर वायू. वाटेत थोडा वायू उकळून निघतच राहतो, तोच जहाजाच्या इंजिनात जाळतात. हे सगळं नको असेल तर दुसरा मार्ग एकच, पोलादी पाइपलाइन. ती स्वस्त पडते, पण तिची दोन्ही टोकं कायमची ठरलेली असतात.

युरोपानं दुसरा मार्ग निवडला होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सैबेरियातून पश्चिम युरोपात वायूची वाहिनी येत असताना अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी ती थांबवण्यासाठी यंत्रसामग्रीवर निर्बंध घातले. युरोपीय मित्रांनीच ते जुमानले नाहीत. चाळीस वर्षांनी, २०२१मध्ये, युरोपीय संघाच्या आयात वायूपैकी ४० टक्क्यांहून अधिक रशियाचा होता. युद्ध पेटल्यावर ऑगस्ट २०२२मध्ये युरोपातल्या वायूचा भाव मेगावॅट-तासाला ३०० युरोंच्या वर गेला. आधीची कित्येक वर्षं तो २०च्या आसपास असायचा. सप्टेंबरमध्ये बाल्टिकच्या तळाशी रशियाचा वायू जर्मनीला नेणाऱ्या नॉर्ड स्ट्रीमच्या वाहिन्या स्फोटांनी फुटल्या. जर्मनीकडे तोवर द्रवरूप वायू उतरवून घेणारं एकही बंदर नव्हतं. पहिलं, तेही तरंगतं, डिसेंबर २०२२मध्ये विल्हेल्म्सहाफेनला सुरू झालं. युरोप अमेरिकेच्या वायूकडे वळला आणि २०२३मध्ये अमेरिका द्रवरूप वायूची जगातली सर्वांत मोठी निर्यातदार बनली. आपल्या मुख्य भूमीवरून तिनं अशी निर्यात सुरू केली होती ती फक्त सात वर्षांपूर्वी, २०१६मध्ये.

आणि रशियाचं काय झालं? तेल त्यानं काही महिन्यांत भारत-चीनकडे वळवलं. वायू वळवता आला नाही. युरोपाला पुरवणारी क्षेत्रं पश्चिम सैबेरियात आहेत. चीनला जाणारी ‘पॉवर ऑफ सैबेरिया’ वाहिनी पूर्व सैबेरियातल्या वेगळ्या क्षेत्रांतून निघते. मध्ये हजारो किलोमीटर. विहिरीत वायू आहे, गिऱ्हाईकही आहे, जोडणारं पोलाद नाही. रशियाच्या गाझप्रोम या सरकारी वायू कंपनीनं २०२३ साली ६२९ अब्ज रुबलचा तोटा दाखवला, १९९९नंतरचा पहिला वार्षिक तोटा. त्यामुळे रशिया-चीन जवळिकीवर लिहिताना नेत्यांच्या हस्तांदोलनापेक्षा चीनकडे न्यायच्या नव्या वाहिनीतल्या वायूचा भाव कोण ठरवतो हे पाहावं. पाइपलाइनच्या दुसऱ्या टोकाला एकच गिऱ्हाईक असेल तर भावाचा शब्द त्याचाच चालतो.

या धक्क्याची लाट आपल्या दारापर्यंत आली. बडोद्याहून दोन-अडीच तासांवर दहेजला २००४पासून कतारचा द्रवरूप वायू उतरतो, वर्षाला ७५ लाख टनांच्या करारानं; फेब्रुवारी २०२४मध्ये तो २०४८पर्यंत वाढवला गेला. लांब मुदतीचा करार जरा महाग वाटला तरी धक्क्याच्या वर्षी त्याचं मोल कळतं. ‘गेल’ या आपल्या सरकारी वायू कंपनीचा दुसरा एक करार गाझप्रोमच्या उपकंपनीशी होता. युद्धानंतर ती उपकंपनी जर्मन सरकारच्या ताब्यात गेली आणि २०२२च्या मध्यापासून भारताची जहाजं येईनाशी झाली. ‘गेल’ला खत कारखान्यांसह ग्राहकांचा पुरवठा कापावा लागला. मोरबीच्या टाइल्सवाल्यांनी त्याच काळात महागलेला वायू सोडून प्रोपेनवर भट्ट्या चालवल्या.

खताचा उल्लेख ओझरता करून चालणार नाही, कारण या सगळ्या कहाणीत सर्वांत जास्त माणसं तिथेच गुंतली आहेत. बाजवा-छाणीच्या बाजूला जीएसएफसीचा कारखाना १९६७पासून अमोनिया करतो आहे. अमोनियासाठी हवेतला नायट्रोजन फुकट मिळतो, हायड्रोजन मात्र मिथेनवर वाफेची क्रिया करून काढावा लागतो. म्हणजे वायू इथे केवळ जळण नाही, कच्चा मालही आहे, आणि त्याला ऐन वेळी पर्याय मिळत नाही. २०२२मध्ये बीएएसएफ आणि यारा या रसायन-खत कंपन्यांनी युरोपात अमोनियाचं उत्पादन घटवलं, कारण करण्यापेक्षा विकत घेणं स्वस्त पडू लागलं. आपल्याकडे ४५ किलोच्या युरियाच्या गोणीचा भाव, कर आणि निमाचा लेप वगळता, २४२ रुपयेच राहिला. शेतकऱ्याला झळ लागली नाही, खजिन्याला लागली. २०२२-२३मध्ये खतांचं अनुदान अडीच लाख कोटींच्या घरात गेलं. हा पैसा योग्य जागी गेला, याबद्दल मला शंका नाही. पण युक्रेनमधल्या तोफांचा हिशेब बडोद्याजवळच्या पादरा आणि डभोईच्या शेतात असा पोचतो, हे बडोद्यातल्या शाळेतल्या मुलांना शिकवायला हवं.

साठ्याचा प्रश्न इथेच निघतो. १९७३च्या ऑक्टोबरमधल्या अरब-इस्रायल युद्धात अरब देशांनी तेल रोखलं आणि तीन डॉलरच्या आसपास असलेलं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या जवळ गेलं. त्यातून नोव्हेंबर १९७४मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था जन्मली. सदस्यांनी ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका साठा ठेवायचा ही तिची अट. भारतानं विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथे खडकात गुहा खोदून ५३.३ लाख टन तेलाची सोय केली, साधारण साडेनऊ दिवसांची. या गुहांना पोलादाचं अस्तर नसतं. भोवतीच्या खडकाच्या भेगांत पाणी भरून ठेवतात आणि त्याचा दाब आतल्या तेलापेक्षा जास्त राखतात, त्यामुळे पाणी आत झिरपतं, तेल बाहेर जात नाही. वायूसाठी असा मोठा भूमिगत साठा आपल्याकडे नाही. स्वयंपाकाच्या एलपीजीपैकी सुमारे ६० टक्के आयात होतो, त्यातला बहुतांश आखातातून, होर्मुझच्या सामुद्रधुनीतून. तिची सर्वांत अरुंद जागा ३३-३४ किलोमीटरची. नोव्हेंबर २०२५मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी २०२६साठी अमेरिकेकडून २२ लाख टन एलपीजी घ्यायचा करार केला तो यासाठी. अंतर कितीतरी जास्त, वाट मात्र वेगळी.

सूर्य आणि वाऱ्याची वीज आली की ही गुंतागुंत संपेल, असं अनेकजण म्हणतात. अर्धं खरं आहे. तेल-वायू रोज जळतात, म्हणून विकणारा रोज नळ बंद करू शकतो. सौर पॅनेल एकदा बसवलं की वीस-पंचवीस वर्षं चालतं. विकणाऱ्यानं पुढचं जहाज अडवलं तरी बसवलेलं पॅनेल विझत नाही. दबाव मग नव्या खरेदीवर येतो, चालू दिव्यांवर नाही. मात्र यंत्रं कोण बनवतं याला महत्त्व येतं. सौर पॅनेलच्या साखळीतला ८० टक्क्यांहून अधिक भाग चीनकडे आहे. एप्रिल २०२५मध्ये त्यानं सात दुर्मीळ मृदा धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि काही आठवड्यांत जगभरचे वाहन-कारखाने त्या धातूंच्या चुंबकांसाठी अडखळले.

बडोद्याचा या नव्या साखळीतला दुवा ट्रान्सफॉर्मर. मकरपुरा, माणेजा, सावली या पट्ट्यात लहान-मोठ्या कितीतरी कारखान्यांत ते बनतात, आठशे किलोव्होल्टच्या वाहिन्यांसाठीचेसुद्धा. त्यांच्या गाभ्यातलं पोलाद साधं नसतं. त्यात तीन टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं आणि लाटताना, तापवताना त्याचे स्फटिक-कण एकाच दिशेला वळवलेले असतात. गाभ्यातलं चुंबकत्व सेकंदाला शंभरदा उलटतं. कण रांगेत असतील तर ते सहज उलटतं, नसतील तर वीज उष्णता होऊन वाया जाते. ही पद्धत नॉर्मन गॉस यांनी १९३०च्या दशकात शोधली, पण आजही ते पोलाद मोजकेच देश करतात आणि भारताची बरीचशी गरज आयातीवर भागते. देशात ते बनवणारा नाशिकचा कारखाना जर्मन कंपनीकडे होता. जेएसडब्ल्यू आणि जपानची जेएफई यांनी मिळून तो विकत घेतला आहे. नाशिकहून सावलीपर्यंत ट्रकनं जायला एक दिवस पुरतो, आणि त्या वाटेत कुठलीही सामुद्रधुनी लागत नाही.