उद्योगांतील शाश्वतता

आपल्या कामाचा पर्यावरणावर आणि समाजावर होणारा परिणाम ध्यानात घेऊन कंपनीने खरेदी, उत्पादन व गुंतवणुकीची पद्धत टप्प्याटप्प्याने बदलत नेणे. ‘शाश्वत विकास’ ही संकल्पना संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रुंटलंड आयोगाच्या १९८७ च्या अहवालामुळे सर्वतोमुखी झाली. कंपन्यांनी या दिशेने सुरुवात त्याआधीच, बहुधा कायद्याच्या धाकाने, केली होती.

पहिला टप्पा नियमपालनाचा: सांडपाण्यावर प्रक्रिया, धुराचे शुद्धीकरण, परवान्यांच्या फायली. दुसरा बचतीचा. प्रदूषण म्हणजे वाया गेलेला कच्चा माल, हे हिशेबात दिसले की विरोध मावळतो. थ्रीएम कंपनीने १९७५ मध्ये याच विचारातून प्रदूषण रोखण्याचा कार्यक्रम सुरू केला. इथवर पर्यावरण आणि नफा हातात हात घालून चालतात, म्हणूनच अनेक कंपन्या इथेच रेंगाळतात.

अडचण मोजमापाने उघडी पडते. २००१ च्या हरितगृह वायू प्रोटोकॉलने, म्हणजे कंपन्यांचे उत्सर्जन मोजण्याच्या मानकाने, उत्सर्जनाचे तीन ‘स्कोप’ (व्याप्तीचे गट) पाडले: पहिल्यात स्वतःचे बॉयलर व वाहने, दुसऱ्यात विकत घेतलेली वीज, तिसऱ्यात पुरवठादारांपासून ग्राहकाच्या वापरापर्यंतचे बाकी सारे. पेट्रोल-डिझेलच्या मोटारी बनवणाऱ्या कंपनीचे बहुतेक उत्सर्जन विकलेल्या गाड्यांच्या इंधनातून होते. कारखान्याच्या छपरावर सौर पॅनेल बसवून हा आकडा फारसा हलत नाही. गाडीच बदलावी लागते.

इतका मुळापासून विचार करणाऱ्यांत अमेरिकेतील इंटरफेस ही गालिचे बनवणारी कंपनी ठळक आहे. पर्यावरणासाठी तुम्ही काय करता, असे ग्राहक विचारू लागले तेव्हा, १९९४ मध्ये, संस्थापक रे अँडरसन यांनी धोरणच बदलायला घेतले. पुढे २०२० पर्यंत दुष्परिणाम शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठरले. गालिचा चौकोनी तुकड्यांचा असल्याने झिजलेला तुकडा तेवढा बदलता येई आणि जुन्या नायलॉनचा पुन्हा धागा होई. गालिचा विकण्याऐवजी भाड्याने देण्याचा प्रयोग मात्र फसला. ग्राहकांना तो महाग वाटला.

बदल किती खोल गेला, हे घोषणांपेक्षा खरेदी विभागात कळते. उद्दिष्टे संचालक मंडळाने मंजूर केली, पण खरेदी अधिकाऱ्याची पगारवाढ अजून सर्वांत स्वस्त दरावरच ठरत असेल, तर पुरवठादार बदलत नाहीत.

कंपन्यांच्या शाश्वतता अहवालांवरही विसंबून चालत नाही, जरी १९९७ मध्ये स्थापन झालेल्या जीआरआय (ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह) या संस्थेपासून २०२३ च्या आयएफआरएस एस-१ व एस-२ या आंतरराष्ट्रीय प्रकटीकरण मानकांपर्यंत अहवालांची मानके कडक होत आली आहेत. सप्टेंबर २०१५ मध्ये शाश्वततेत आघाडीवरच्या कंपन्या निवडणाऱ्या डाऊ जोन्स शाश्वतता निर्देशांकाने फोक्सवॅगनला मोटार उद्योगात अव्वल ठरवले. त्याच महिन्यात तिच्या डिझेल गाड्यांतील उत्सर्जन-चाचणीला चकवणारे सॉफ्टवेअर उघडकीस आले आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीचे नाव निर्देशांकातून वगळण्यात आले.