धुरक्यानं खाल्लेली नळी

सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन गाडीचं बॉनेट उघडलं की आधी इंजिन दिसतच नाही, दिसतो तो काळ्या रबरी नळ्यांचा गुंता. त्यातली एखादी नळी जवळून पाहा. धातूच्या तोटीवर ती ताणून बसवलेली असते, तिथे टोकाला बारीक उभ्या भेगा पडलेल्या असतात. वळणाच्या बाहेरच्या अंगाला आडव्या. मधला सरळ, ताण नसलेला भाग मात्र बऱ्यापैकी धडधाकट.

या भेगा नुसत्या वयाच्या नाहीत. हे काम बहुतांशी ओझोनचं. त्या काळच्या रबराच्या लांबलचक रेणूंमध्ये जागोजागी कार्बनचे दुहेरी बंध असत आणि ओझोन नेमका तिथेच घाव घालतो. रबर ढिलं असेल तर इजा वरवरची राहते. ताणलेलं असेल तर तुटलेली टोकं लांब सरकतात, आतलं ताजं रबर उघडं पडतं आणि भेग खोल जाते. म्हणून ती नेहमी ताणाला काटकोनात.

गंमत अशी की ही नळी गाडीचं प्रदूषण आवरणाऱ्या ज्या यंत्रणेचा भाग आहे, ती यंत्रणा जन्माला आली तीच असल्या भेगांमुळे. जुलै 1943 मध्ये लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरवणारं दाट धुरकं उतरलं. दिवस युद्धाचे, शत्रूनं विषारी वायू सोडला की काय, अशीही शंका लोकांना आली. मग बोट रोखलं गेलं कृत्रिम रबरासाठी रसायन बनवणाऱ्या एका कारखान्याकडे. तो थांबवला, तरी धुरकं येतच राहिलं. कॅलटेक या तिथल्या विज्ञानसंस्थेत अननसाच्या सुगंधावर काम करणारे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मित यांनी पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला उलगडा केला: न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो. हवेतला ओझोन मोजायला त्यांनी वापरली रबराची वाकवलेली पट्टी. तिला तडा जायला जितकी कमी मिनिटं, तितका ओझोन जास्त.

गुन्हेगार मोटार आहे हे कळल्यावर ती कुठून कुठून गळते ते शोधणं आलं. धूर फक्त सायलेन्सरमधून येतो ही समजूत चुकीची होती. पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पोकळीत, झिरपतो आणि पूर्वी तो एका नळीनं सरळ रस्त्यावर सोडून देत. गाडीच्या एकूण हायड्रोकार्बनांपैकी साधारण पाचवा हिस्सा या वाटेनं जाई. कॅलिफोर्नियात 1961 च्या मॉडेलांपासून तिथे अंगठ्याएवढी पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) झडप आली. ती हा वायू परत इंजिनात ओढून जाळते. आत एक दांडी, एक स्प्रिंग, बस्स. काढून कानाशी हलवली आणि खुळखुळली, तर निदान ती चिकटलेली नाही. इतक्या स्वस्तात इतकी हवा स्वच्छ करणारा भाग मोटारीत दुसरा नसावा, असं माझं मत.

पुढचे भाग एवढे सुटसुटीत नव्हते. 1966 मध्ये कॅलिफोर्नियानं सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुरावर मर्यादा घातली आणि बऱ्याच गाड्यांना पट्ट्यावर फिरणारा एक हवापंप लागला. तो एक्झॉस्टच्या तोंडाशी ताजी हवा मारतो, म्हणजे अर्धवट जळलेलं पेट्रोल बाहेर पडता पडता जळून जातं. टाकीतल्या वाफा अडवायला कोळशाचा डबा आला. सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमला आतून शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग असतो, त्यावर त्या वाफा बसून राहतात. नंतर ईजीआर (एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन) झडप, जी थोडा जळका वायू परत सिलिंडरमध्ये सोडते. जळून गेलेला वायू पुन्हा जळत नाही, नुसती उष्णता पितो. ज्वाला थंडावते आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी होतात, कारण ती फार उंच तापमानालाच भराभर बनतात. 1975 मध्ये धुरातले घातक वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला तो शिसंविरहित पेट्रोलची अट घेऊनच.

लोकांनी हे सगळं उपटून फेकलं. त्या काळातल्या काही गाड्या खरोखरच मरगळलेल्या होत्या आणि दोष पंपाच्या माथी मारणं सोपं होतं. पंप काढायचा, भोकांना बूच मारायचं, लहान पट्टा चढवायचा. भंगारात गेलेले ते पंप आज शोधून सापडत नाहीत. 1966 आणि 1967 सालचे तर विशेष दुर्मीळ, कारण ते मुख्यतः कॅलिफोर्नियात विकलेल्या गाड्यांवरच होते. मागणी दोन बाजूंनी. एक, हौशी मंडळी: त्यांना पंपावरचा नंबर आणि तारखेचा शिक्का गाडीच्या जन्मतारखेशी जुळायला हवा. दुसरी, कायदा: कॅलिफोर्नियात 1975 आणि त्याआधीच्या गाड्यांना धूरतपासणीतून सूट आहे, पण 1976 ची गाडी आजही दर दोन वर्षांनी उभी करावी लागते आणि तपासनीस मूळ भाग जागेवर आहेत का तेही पाहतो.

न उघडलेल्या खोक्यातला जुना माल मिळाला म्हणून हुरळून जाऊ नये. लोखंड कोरं असतं, पण झडपेच्या आतला रबरी पडदा खोक्यात बसल्या बसल्याही कडक झालेला असतो. मला वापरलेला भाग जास्त आवडतो, तो काहीतरी सांगतो तरी. पंपाकडून येणारी नळी आतून भाजलेली दिसली, तर समजावं की एकदिशा झडप गेली आहे आणि तापलेला धूर उलटा पंपात शिरत होता. तोंडानं फुंकूनही कळतं: फुंकर एकीकडूनच जायला हवी. पंपाची ॲल्युमिनियमची काया शिकंज्यात आवळली तर तडकते. आत तेलही घालायचं नाही, तिथे कार्बनच्या पट्ट्या कोरड्याच सरकतात.

ईजीआर झडपेचा पडदा फाटलेला असेल, तर पत्र्याची दुमडलेली कड हळूहळू उलगडावी लागते. घाई केली की कड चिरते आणि सगळंच कामातून जातं. आत नवा पडदा बसवून कड पुन्हा दाबायची. हा पडदा फ्लोरोसिलिकॉनचा घेतला तर उष्णता आणि पेट्रोल दोन्ही सोसतो. नळ्यांच्या बाबतीत जरा विचार करावा लागतो. ईपीडीएम रबराच्या मुख्य साखळीत दुहेरी बंधच नसतात, म्हणून ओझोन त्याचं फारसं वाकडं करू शकत नाही. पण पेट्रोलच्या वाफेत ते फुगतं. तेव्हा निव्वळ व्हॅक्यूमच्या नळ्या ईपीडीएमच्या आणि कोळशाच्या डब्याकडे जाणाऱ्या व्हायटनसारख्या फ्लोरोरबराच्या, असा हिशेब ठेवावा. दिसायला सगळ्या काळ्याच, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनातल्या परीक्षकालाही फरक कळत नाही.

सगळं जोडून झालं की इंजिन संथ फिरत ठेवायचं आणि ईजीआर झडपेच्या तोटीला व्हॅक्यूमचा हातपंप लावायचा. दोन-तीन दाबांत काटा चढतो. तो सुटू लागला तर पडदा गळतोय. स्थिर राहिला आणि इंजिन काही झालंच नाही असं फिरत राहिलं, तर झडपेखालची वाट काजळीनं बुजलेली आहे, पुन्हा खोला. आणि जळका वायू आत शिरून ते अडखळून बंद पडलं, तर काम फत्ते.