लिनक्स कर्नलमधला अनावश्यक रिटर्न चेक काढताय? पॅच परत का येतो ते आधी वाचा

कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, पॅच (कोडमधला बदल) पाठवायला पदवी लागत नाही, फी नाही, वयाची अट नाही. पात्रता बघायची ती त्या चेकची, म्हणजे फंक्शनने परत दिलेलं उत्तर तपासणाऱ्या ओळीची.

डीबगएफएसचं (डीबगिंगची माहिती दाखवणारी फाइलसिस्टिम) उदाहरण घ्या. त्यातली फोल्डर किंवा फाइल बनवणारी फंक्शन्स फसली तरी ड्रायव्हरने आपलं काम चालू ठेवावं, अशीच त्यांची रचना आहे. फसलेल्या फोल्डरचा पॉइंटर पुढच्या कॉलला दिला, तरी काही बिघडत नाही. शिवाय काही चुकलं तर ती फंक्शन्स आता नल (रिकामा पॉइंटर) देत नाहीत, एरर-पॉइंटर (एरर कोड धरणारा पॉइंटर) देतात. म्हणजे ‘नल आहे का?’ विचारणारी जुनी ओळ कधी खरी ठरतच नाही. एरर तपासून प्रोब (हार्डवेअर सुरू करणारं फंक्शन) थांबवणारा ड्रायव्हर तर त्याहून वाईट: कर्नलच्या कॉन्फिगमध्ये डीबगएफएस बंद असलं की चांगलं हार्डवेअरही चालू होत नाही. असे चेक खुशाल काढा. केमॅलॉकच्या (मेमरी मागणारं फंक्शन) चेकला मात्र हात लावू नका, मेमरी खरोखर संपते.

कागदपत्रांत सगळे अडकतात ते पॅचच्या वर्णनाशी. ‘अनावश्यक चेक काढला’ हे डिफमध्ये (बदललेल्या ओळींच्या यादीत) दिसतंच आहे हो! तो अनावश्यक का, हे लिहा. साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ नुसती सही नाही, ते हमीपत्र आहे: हा कोड द्यायचा मला हक्क आहे. निनावी चालत नाही. साध्या साफसफाईला फिक्सेस टॅग (कोणत्या जुन्या बदलातली चूक सुधारली ते सांगणारी ओळ) लावू नका.

चेकपॅच (पॅचची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट) चालवा, गेट-मेंटेनर स्क्रिप्टने कोणाला पाठवायचं ते पत्ते काढा, गिट सेंड-ईमेलने पाठवा. जीमेलच्या वेब पानावर पेस्ट केलात तर टॅबच्या स्पेस होतात आणि पॅच लागतच नाही.

मुदतीचा घोळ तर नेहमीचाच. ‘मर्ज विंडो उघडली’ म्हटलं की मुलं घाईने पॅच पाठवतात. अहो, ती खिडकी मेंटेनरांसाठी (एकेक भाग सांभाळणाऱ्यांसाठी) असते, लिनस टॉरवाल्ड्सकडे आपापला साठा पाठवायला! त्या दोन आठवड्यांत नेट-नेक्स्ट (नेटवर्किंगच्या नव्या बदलांची शाखा) नवे पॅच घेत नाही. आरसी-1 (नव्या आवृत्तीची पहिली चाचणी प्रत) येईपर्यंत थांबा. एरवीही नेटवर्किंगवाले दुसऱ्या कामाशी न जोडलेली सुटी साफसफाई नको म्हणतात, तसं त्यांनी लिहूनच ठेवलंय. नवख्यांनी स्टेजिंग (अजून पूर्ण तयार नसलेल्या) ड्रायव्हरपासून सुरुवात करावी.

उत्तर आलं नाही तर किमान आठवडाभर दम धरा. दुसरी आवृत्ती पाठवताना विषयात व्ही-2 घाला आणि काय बदललं ते वर्णनानंतरच्या तीन डॅशच्या (---) खाली लिहा. वर लिहिलंत तर ते कमिटच्या (नोंदवलेल्या बदलांच्या) इतिहासात कायमचं जाऊन बसतं.